दादांची गोळी आणि आतड्याची दारे

आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, रक्तदाबाचा जुना विकार आहे. चढ चढताना छातीत कळही येते. वय ७६. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना व्हेरापामिल नावाची गोळी सुरू केली. रक्तदाब उतरला, कळ थांबली. पण महिन्याभरात दुसरीच कटकट मागे लागली. पोट साफ होईना. दादांनी प्रथम आईच्या भाकरीला दोष दिला, मग नळाच्या पाण्याला. इसबगोल झाला, त्रिफळा चूर्ण झाले, एरंडेलही झाले. पहाटे पाचला उठून घड्याळाच्या ठोक्यावर सर्व उरकणाऱ्या माणसाला चार-चार दिवस पोटाचीच चिंता करत बसावे लागणे ही लहान गोष्ट नव्हे. पण हा त्रास गोळीचा असेल असे आम्हां कोणाच्या मनातही आले नाही. हृदयाच्या गोळीचा आतड्याशी काय संबंध?

दादांना मात्र संशय आला होता. एका लग्नासाठी ते गावी गेले, तेव्हा गोळ्या घरीच राहिल्या आणि पाच दिवसांत पोट ताळ्यावर आले. परत आल्यावर कोणाला काही न सांगता ते रोजची गोळी पाकिटातून काढून तुळशीच्या कुंडीत टाकू लागले. पाकीट रिकामे होत होते, त्यामुळे आम्हीही निर्धास्त. अकराव्या रात्री ते घामाघूम होऊन उठून बसले. छातीत कळ, डावा हात जड. रिक्षातून दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब १९०च्या वर होता. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आजोबा, गोळी वेळेवर घेता ना?" दादा गप्प. मग हळूच तुळशीची हकीकत बाहेर आली.

"अहो आजोबा, पोट धरते ते याच गोळीने," बाई म्हणाल्या. "आम्हांला सांगितले असते तर गोळी बदलून दिली असती. मनानेच बंद करायची नव्हती."

सुदैवाने झटका आलेला नव्हता. मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. पण दवाखान्याच्या बाकावर बसून पहाटेची वाट पाहताना तो एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. रक्तदाब उतरवणारे औषध आतड्याला का सुस्तावते? पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की याचे उत्तर अकरावीच्या विद्युत प्रकरणापासून फार दूर नाही.

आतडे कोण हलवते?

हात उचलायचा तर आपण ठरवतो आणि उचलतो. आतड्याला असे कोणी सांगावे लागत नाही. त्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतल्या थरातील तंतू नळीभोवती कड्यासारखे, तर बाहेरच्या थरातील नळीच्या लांबीच्या दिशेने. तुमच्या पाठ्यपुस्तकात ज्यांना अपट्टकी किंवा अनैच्छिक स्नायू म्हटले आहे, ते हेच. यांच्या पेशी चातीसारख्या असतात, मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळत्या; लांबी साधारण २०० मायक्रोमीटर आणि जाडी ५ मायक्रोमीटर धरा. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही याच जातीच्या पेशी असतात. आपल्या कोड्याचे पहिले सूत्र येथे सापडते. रक्तवाहिनी काय किंवा आतडे काय, दोन्ही नळ्याच, आणि दोन्हींना आवळणारा स्नायू एकाच जातीचा.

आतड्याला स्वतःचा ठेकाही असतो. स्नायूंच्या थरांत काही खास पेशी विखुरलेल्या असतात. स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी त्या प्रथम वर्णिल्या म्हणून त्यांना काहालच्या पेशी म्हणतात. मंद लयीत चढउतार होणारा विद्युत दाब त्या निर्माण करतात आणि तो शेजारच्या स्नायुपेशींत पसरतो. माणसाच्या जठरात अशा लहरी मिनिटाला सुमारे ३, लहान आतड्याच्या सुरुवातीस सुमारे १२, आणि त्याच्या शेवटाकडे ८ ते ९ असतात. गंमत अशी की नुसत्या लहरीने आतडे फारसे आवळत नाही. लहरीचा माथा पुरेसा उंच गेला तरच पुढची घटना घडते. त्या घटनेत कॅल्शियम येते.

सहा नॅनोमीटरची भिंत

कोणत्याही जिवंत पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ पटल असते. त्याची जाडी सुमारे ६ नॅनोमीटर. स्नायुपेशी विश्रांतीत असताना पटलाची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ६० मिलिव्होल्टने ऋण असते. ६० मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही असे वाटेल. टॉर्चमधला साधा सेल १५०० मिलिव्होल्टचा असतो. पण विद्युत क्षेत्राची तीव्रता काढून पाहा. विभवांतराला अंतराने भागायचे. ०.०६ व्होल्ट भागिले ०.००००००००६ मीटर. उत्तर येते दर मीटरला १ कोटी व्होल्ट! कोरड्या हवेत ठिणगी पडण्यास दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. म्हणजे पावसाळ्यात ढगांखाली वीज पाडणाऱ्या क्षेत्रापेक्षाही तीव्र क्षेत्र तुमच्या प्रत्येक पेशीच्या पटलात या क्षणी आहे. वर्गात हे गणित मी हल्ली दर वर्षी घालतो, आणि दर वर्षी कोणीतरी दशांशचिन्ह चुकले असे समजून पुन्हा करून पाहतो.

आता कॅल्शियमचा हिशेब. पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम आयनांची संहती लिटरला सुमारे १.२ मिलिमोल असते. आत, विश्रांतीच्या वेळी, ती केवळ ०.१ मायक्रोमोल. बाहेर आतल्यापेक्षा १२,००० पट! त्यात आयन धनभारित, दोन प्रभार असलेला, आणि आतली बाजू ऋण. संहतीचा फरक त्याला आत ढकलतो, विद्युत क्षेत्रही आतच ओढते. भरलेल्या धरणाच्या भिंतीपाशी पाणी जसे दाटते, तसे कॅल्शियम पटलाच्या बाहेर दाटलेले असते. स्निग्ध पटलातून प्रभारित आयन जाऊ शकत नाही, म्हणूनच केवळ ही स्थिती टिकते. जे थोडे झिरपते ते पेशी ऊर्जा खर्चून सतत बाहेर उपसत असते.

दार उघडले की काय होते? आपल्या चातीसारख्या पेशीचे आकारमान लिटरच्या सुमारे ३ लक्षकोट्यंशाइतके, म्हणजे ३ पिकोलिटर धरा. विश्रांतीत तिच्यात मुक्त कॅल्शियमचे आयन केवळ १ लाख ८० हजार निघतात. आवळण्यासाठी संहती १ मायक्रोमोलपर्यंत चढावी लागते, म्हणजे आणखी सुमारे १६ लाख मुक्त आयन हवेत. हा आकडा ॲव्होगाड्रो संख्या वापरून तुम्ही स्वतः काढून पाहा. (प्रत्यक्षात यापेक्षा पुष्कळच अधिक आयन आत शिरावे लागतात, कारण बहुतेक आयन आत शिरताच तिथल्या प्रथिनांना चिकटून बसतात.)

मुक्त राहिलेले आयन कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनावर बसतात. एका रेणूवर चार आयन बसतात. ही जोडी एका विकराला जागे करते, ते विकर मायोसिन तंतूवर फॉस्फेटचा गट चढवते, आणि मग मायोसिन शेजारच्या ॲक्टिन तंतूला धरून ओढू लागते. पेशी आखडते. कॅल्शियम उपसले गेले, फॉस्फेट काढले गेले की पेशी सैलावते.

नळाच्या पाण्याचा धडा

कॅल्शियमचे हे महत्त्व कळले ते एका चुकीमुळे. लंडनमधील वैद्य सिडनी रिंगर बेडकाचे सुटे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान ठोके देत राहिले. पुढे ध्यानात आले की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर लंडनच्या नळाच्या पाण्यात केले गेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबू लागले! १८८३ साली रिंगर यांनी दाखवून दिले की नळाच्या पाण्यातील किंचित कॅल्शियमच ते ठोके चालवत होते. आपली आधीची चूक त्यांनी छापून कबूल केली, हे मला त्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, १९६० च्या दशकात, जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाइन नव्या हृदयौषधांची तपासणी करत होते. त्यांत व्हेरापामिल होते. हे औषध अफूतील पापाव्हेरीन या द्रव्याच्या रेणूत फेरफार करून बनवले होते, आणि पापाव्हेरीन आतड्याचे पेटके सैलावते हे आधीपासूनच माहीत होते. औषधाने हृदयाची जी स्थिती झाली ती हुबेहूब रिंगरच्या कॅल्शियमविरहित हृदयासारखी! द्रावणात जास्त कॅल्शियम घालताच हृदय पुन्हा सावरले. म्हणजे औषध कॅल्शियमची वाट अडवत होते. आजही अशा गोळ्यांची विषबाधा झाली तर डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात.

सोडियमला मज्जाव कसा?

ती वाट म्हणजे पटलात आरपार बसलेले एक प्रथिन, कॅल्शियम चॅनेल. त्याच्या काही भागांवर धन प्रभार असतो. पटलाचे विभवांतर ६० मिलिव्होल्टवरून घटू लागले की हे भाग सरकतात आणि दार उघडते. विद्युत दाबाने उघडणारे दार! काहालच्या पेशींची लहर माथ्यावर पोचली की नेमके हेच होते. एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी १९७६ साली एकेका चॅनेलमधून जाणारा प्रवाह मोजण्याची युक्ती काढली. उघड्या दारातून सेकंदाला सुमारे दहा लाख आयन जातात. प्रवाह अँपिअरमध्ये किती होतो, ते एका आयनावर दोन प्रभार आहेत हे लक्षात ठेवून काढा.

पण खरे आश्चर्य वेगळेच आहे. बाहेरच्या द्रवात सोडियमचे आयन कॅल्शियमच्या शंभरपटीहून अधिक असतात, आणि दोघांची त्रिज्या जवळजवळ सारखी, एक अँगस्ट्रॉमच्या आसपास. मग दारातून सोडियम का शिरत नाही? आकाराची चाळणी येथे चालणार नाही. उत्तर प्रभारात आहे. मार्गाच्या अरुंद भागात ग्लुटामिक ॲसिडचे चार ऋण प्रभार आतल्या बाजूला तोंड करून बसलेले असतात. दोन प्रभारांचा कॅल्शियम आयन त्यांना घट्ट धरून राहतो, एका प्रभाराच्या सोडियमला तो हटवता येत नाही. पण मागून दुसरा कॅल्शियम आयन आला की दोन धन प्रभारांत अपसारण होते आणि पुढचा आत ढकलला जातो. कॅल्शियमच कॅल्शियमला धक्का देते. याचा पुरावा मोठा सुरेख आहे. बाहेरच्या द्रवातले कॅल्शियम जवळजवळ पूर्ण काढून टाकले, तर त्याच दारातून सोडियम बिनदिक्कत वाहू लागतो!

औषध बसते कोठे?

या दारात सर्व गोळ्या एकाच जागी बसत असतील असे मला वाटत होते. तसे नाही. २०१६ साली अमेरिकेत सिॲटल येथील विल्यम कॅटरॉल यांच्या गटाने जिवाणूच्या प्रथिनापासून घडवलेल्या नमुना-चॅनेलची क्ष-किरणांनी रचना तपासली. त्यात दिसले की व्हेरापामिलच्या घराण्यातील रेणू मार्गाच्या मधोमध, अरुंद भागाच्या आतल्या बाजूस, बाटलीच्या बुचासारखा बसतो. ॲम्लोडिपिन मात्र मार्गात शिरतच नाही. ते चॅनेलच्या बाहेरच्या अंगाला, स्निग्ध पटलाकडच्या खाचेत, बसते आणि तेथून सगळी चौकट किंचित वाकडी करते. कुलूप न लावता चौकट मुरगळून दार अडकवण्यासारखा हा प्रकार.

जागा वेगळी म्हणून स्वभावही वेगळा. व्हेरापामिल दार उघडे असताना आत सरकते, त्यामुळे दार जितके वारंवार उघडेल तितके ते अधिक अडवते. ॲम्लोडिपिनच्या घराण्यातील औषधे, विभवांतर बराच वेळ घटलेले राहिले की अधिक घट्ट बसतात. रक्तवाहिनीच्या पेशी दीर्घकाळ अशा अर्धवट ताणात राहतात. आतड्याच्या पेशी मात्र दोन लहरींच्या मध्ये पुन्हा विश्रांतीस जातात. ही औषधे आतड्यापेक्षा रक्तवाहिनीवर अधिक चालतात, त्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. व्हेरापामिल घेणाऱ्या शंभरांतील सुमारे सात जणांना बद्धकोष्ठ होते. ॲम्लोडिपिनने ते पुष्कळच कमी जणांना होते. दादा त्या सातांतले.

मग आतडे पूर्ण बंद का पडत नाही? कारण त्याला दुसरी वाट आहे. आतड्यातील मज्जातंतू ॲसिटिलकोलीन सोडतात, तेव्हा पेशीच्या आत साठवलेले थोडे कॅल्शियम बाहेर पडते. बाहेरचे दार अडले तरी घरातल्या डब्यातले थोडे मिळतेच.

आणि हाताची पकड ढिली का होत नाही? हा प्रश्न माझ्या एका विद्यार्थिनीने विचारला, आणि मला दुसऱ्या दिवशीपर्यंत मुदत मागावी लागली. हातापायांच्या स्नायूंतही याच घराण्यातले चॅनेल असते. पण तिथे त्याचा उपयोग कॅल्शियम आत घेण्यासाठी नसून विद्युत दाब ओळखणाऱ्या कळीसारखा असतो. ते हलले की त्याला जोडलेले आतले कोठार उघडते. सगळे कॅल्शियम घरचेच, त्यामुळे बाहेरची वाट बंद झाली तरी काम अडत नाही. दादा त्या काळातही विहिरीवरून बादली आणत होते, ती यामुळे.

हे सारे वाचून झाल्यावर डोळ्यांनी पाहावेसे वाटले. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात माझा एक मित्र शिकवतो. खाटकाकडून आणलेल्या कोंबडीच्या आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा त्याने ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या क्षारद्रावणात टांगला. हे द्रावण रिंगरच्या द्रावणाचेच पुढचे रूप. खालून हवेचे बुडबुडे, वर दोऱ्याने बांधलेली तरफ, आणि तिचे टोक काजळी धरलेल्या फिरत्या दंडगोलावर. द्रावणात पोटॅशियम क्लोराईड घातले. पेशीबाहेर पोटॅशियम वाढले की पटलाचे विभवांतर घटते आणि दारे उघडतात. तरफ सरसर वर गेली. द्रावण बदलून तुकडा धुतला, तरफ खाली आली. मग व्हेरापामिलचे काही थेंब घालून थोडा वेळ थांबलो आणि पुन्हा तितकेच पोटॅशियम घातले. तरफ हललीच म्हणायची, इतकेच. काजळीवर एक उंच डोंगर आणि त्याच्या शेजारी एक वारूळ!

दादांचे जे दुखणे, तेच कोणाचे औषधही ठरते. ज्यांच्या आतड्याला पेटके येतात, त्यांच्यासाठी पिनाव्हेरियम नावाचे औषध आहे. तेही हेच दार अडवते, पण त्याच्या रेणूवर कायमचा धन प्रभार असल्यामुळे ते स्निग्ध पटले ओलांडून रक्तात फारसे जात नाही. काम आतड्यातच राहते. आपल्या ओळखीचे पुदिन्याचे तेलही याच रांगेत बसते. त्यातील मेंथॉल आतड्याच्या पेशींचे कॅल्शियम चॅनेल अडवते, हे प्राण्यांच्या आतड्याच्या तुकड्यांवर दिसून आले आहे. पोटात मुरडा आला की आजी पुदिना देत असे, त्याला एवढा आधार नक्कीच आहे. मात्र या तेलाच्या कॅप्सूलवर जठरात न विरघळणारे वेष्टन चढवतात; नाहीतर ते अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायूही सैल करून छातीत जळजळ आणते.

डॉक्टरांनी दादांची गोळी बदलून ॲम्लोडिपिन दिली. पोट आठवड्यात रुळावर आले. आता संध्याकाळी त्यांच्या घोट्यांवर थोडी सूज येते, मोज्याचा वण उमटतो. लहान धमन्या सैलावतात पण शिरा तितक्या सैलावत नाहीत, म्हणून सूक्ष्म केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपते. या खेपेस ही गोष्ट दादांनी पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगितली, आणि मला घोट्याच्या सुजेची आकृती काढून दाखवायला लावली.